हात दिसता कामा नये

बाईंच्या घरी पेज कुणी पीत नसे, ती गॅरेजमध्ये, त्यांच्या स्टुडिओत जायची. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवायचे, वरचं पाणी निथळून त्याची दाट खळ करायची, तिच्यात जुनं सुती नऊवारी लुगडं बुडवून पिळायचं आणि ते ओलंच माझ्या अंगावर टाकायचं. मी आत थर्मल घालून, पायाशी हीटर घेऊन उभी. बाहेर मिशिगनचा बर्फ. खळ सुकत आली की लुगड्याच्या चुण्या दगडात कोरल्यासारख्या जागच्या जागी राहत आणि बाई म्हणत, "आता श्वास बेताने घे." मी मुळातच काळजी करणारी. श्वास बेताने घे म्हटल्यावर श्वास घ्यायचा कसा हेच मला आठवेनासं व्हायचं.

निथळलेला भात माझ्या नवऱ्याच्या डब्यात जायचा. तो एकदा म्हणाला, "यार, या भाताला काही चवच नाही." मी म्हटलं, चव चित्रात गेली.

मी ॲन आर्बरला नवऱ्याच्या मागोमाग आले होते. तो पीएच.डी. करत होता आणि मी डिपेंडंट व्हिसावर होते. म्हणजे मला खायला, झोपायला आणि काळजी करायला परवानगी होती, नोकरी करायला नव्हती. बाईंची गाठ इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पडली. मी रांगोळी काढत होते आणि त्या मागे उभं राहून माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी "काकू, पाय जरा सांभाळा" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "काकू म्हणू नकोस. मी चित्रकार आहे. बाई म्हण. उद्या घरी ये, उभी राहायला माणूस हवंय." दुसऱ्या दिवशी मी गेले. पैसे घेतले तर देशाबाहेर काढतील या भीतीने मी त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. त्या मला चित्रकला शिकवत आणि जेवू घालत, एवढाच आमचा व्यवहार.

बाई निओक्लासिकल चित्रकार होत्या. दोनेकशे वर्षांपूर्वी युरोपात ग्रीक आणि रोमन पुतळ्यांसारखी चित्रं काढायची एक रीत होती. रेषा स्वच्छ, अंग घडीव, चेहरे शांत आणि रंग असा घोटलेला की ब्रश कुठून कुठे फिरला याचा माग लागू नये. ती रीत कधीच मोडीत निघाली होती, पण बाईंना ते कुणी कळवलं नव्हतं. किंवा कळवलं असेल, त्यांनी लक्ष दिलं नसेल. साताऱ्याहून मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये शिकायला गेल्यावर तिथे पहिल्या दिवशी त्यांना प्लास्टरच्या पुतळ्यासमोर बसवलं आणि त्या तिथून मनाने कधी उठल्याच नाहीत. लग्न झालं, नवरा रसायनशास्त्रातला, अमेरिकेत आल्या, मुलगी झाली, नवरा गेला. बाई पुतळ्यासमोरच.

नवरा असताना त्यांनी इथल्या विद्यापीठात पुन्हा शिकायचं ठरवलं होतं. तेव्हा सगळे कॅनव्हासवर रंग ओतत होते, शिंपडत होते. त्यांच्यात बाई एका रोमन आईचं चित्र घेऊन उभ्या राहिल्या. प्रोफेसर ते बघून म्हणाला, "व्हेअर आर यू इन इट?" या चित्रात तुम्ही कुठे आहात? बाई म्हणाल्या, "मी घरी आहे." हा किस्सा त्या हसत सांगत, पण सांगताना त्यांचा एक पाय सारखा हलत असे.

पुढे त्या विभागाने जुने प्लास्टरचे पुतळे अडगळ म्हणून टाकून दिले. बाईंनी कुणाचा तरी पिकअप ट्रक मागून आणला आणि ते सगळे घरी नेले. त्यामुळे त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यापेक्षा देव जास्त होते, आणि तेही उघडेबंब. एकदा त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. एका काकूंना नेमकी त्यातल्या एका धडधाकट ग्रीक पुरुषासमोरची खुर्ची मिळाली. त्यांनी हळूच आपली शाल काढून त्याच्या कमरेला गुंडाळली. बाईंनी येऊन शाल सोडली, घडी केली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. "थंडी त्याला वाजत नाही," म्हणाल्या. पुढच्या वर्षी हळदीकुंकू दुसऱ्या घरी झालं.

दोनशे वर्षांपूर्वी ही रीत पाळणाऱ्या बायकाही होत्या, हे मला बाईंनी सांगितलं. त्यांना उघड्या पुरुषासमोर बसून चित्र काढायची मुभा नव्हती, म्हणून त्या पुतळ्यांवरून शिकल्या, आणि कितीकांची चित्रं पुढे त्यांच्या गुरूंच्या नावावर खपली. मी म्हटलं, केवढा अन्याय आहे हा. बाई माझ्यावर वैतागल्या. "अगं, बघणाऱ्याला गुरूचा हात आणि शिष्येचा हात वेगळा काढता आला नाही. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? हात दिसता कामा नये. हात दिसला की माणूस दिसतं आणि माणूस दिसलं की चित्र संपलं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. मात्र ते त्या इतक्या घाबऱ्या-घाबऱ्या का म्हणतात, हे कळायला मला एक हिवाळा लागला.

आधी चहा अर्धा कप झाला. मग लुगड्याला टाचण्या लावायचं काम माझ्याकडे आलं. मग बाई गॅरेजमध्ये असताना उजवा हात सारखा एप्रनच्या खिशात ठेवू लागल्या. एक दिवस तो खिशातच हलताना मला दिसला. मी बघितलं हे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "मुलीला फोनवर काही बोलायचं नाही."

मुलगी शिकागोला डॉक्टर होती. तिला मी काही बोलले नाही, पण डॉक्टर मुलीपासून हात लपवायचा म्हणजे किती दिवस? ती सुट्टीत आली, पहिल्याच जेवणात तिने आईच्या चमच्याकडे पाहिलं आणि "मॉम, हाऊ लाँग?" एवढंच विचारलं. मग तपासण्या झाल्या. आधी मानेत नस दबलीय असं वाटलं म्हणून मानेचे एक्स-रे काढले, ते चांगले निघाले. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात. बाई गाडीत म्हणाल्या, "ब्रशचे फटकारे मारणारी असते तर हीच माझी स्टाइल म्हणून खपली असती. पण मला दुसरं काही येत नाही गं." असं त्या कधी बोलत नसत. मला तेव्हा फार भीती वाटली.

आणि नेमकं त्याच वर्षी त्यांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. बाई कम्युनिटी सेंटरमध्ये संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग घेत. तिथे एक निवृत्त न्यायाधीश नासपती आणि सफरचंदं काढायला शिकत होते. जवळच्याच एका लहान गावातलं कोर्ट नव्याने बांधलं होतं, तिथल्या मोठ्या दालनासाठी त्यांनी बाईंकडून चित्र मागितलं. न्यायदेवता, आणि तिच्यापुढे दाद मागायला आलेली एक आई आणि तिचं मूल. उंची माणसाहून जास्त. बाईंची आजवरची चित्रं लोकांच्या जेवणघरांत आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये होती. हे पहिल्यांदाच चारचौघांत लागणार होतं.

न्यायदेवता म्हणजे मी. डोळ्यांवर पट्टी नाही, कारण बाईंच्या मते रोमन लोक एवढे बावळट नव्हते. पण तागडी धरलेला उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत उघडा होता. कापडाच्या चुण्यांमध्ये ब्रशची थरथर लपते, उघड्या दंडावर लपत नाही. मी म्हटलं, "बाई, तिला बाह्या घालू या ना." त्या म्हणाल्या, "उद्या स्वेटर घालशील तिला."

बाकी सगळं चित्र झालं. आईचा चेहरा झाला, मूल झालं, खळ घातलेलं माझं लुगडं तर इतकं हुबेहूब झालं की मला बघूनच गारठायला व्हायचं. हात राहिला. औषध घेतल्यावर सकाळी थोडा वेळ बाईंचा हात ठिकाणावर येई. त्या स्टुलावर बसून, बसची वाट बघावी तशी त्या वेळेची वाट बघत. हात आला की ब्रश उचलत. वरचा दंड जमला. कोपराखाली आल्या की हात निघून जाई.

काम झालं की मी टेबल लॅम्प बाजूने कॅनव्हासवर धरायचे. तिरप्या उजेडात रंगातला एकेक उंचवटा दिसतो. बाई दुसरीकडे बघत विचारायच्या, "दिसतं?" मी सुरुवातीला एकदा "नाही" म्हणाले होते, तर त्यांनी माझ्या हातातून लॅम्प घेतला, स्वतः बघितलं आणि मला दोन दिवस घरी येऊ दिलं नाही. म्हणून मी खरं सांगायचे. "दिसतं, बाई." त्या फडकं घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत सगळं पुसून काढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसची वाट. मला रात्री झोप लागेना. माझा नवरा म्हणाला, "अगं, चित्र त्यांचं, हात त्यांचा, तू कशाला वाळतेस?" त्याला काय सांगणार? त्या गॅरेजमध्ये एक माणूस रोज थोडं थोडं पुसलं जात होतं आणि पुसायच्या आधी लॅम्प मी धरत होते.

एका सकाळी ट्रक आला. न्यायला माणसं दारात उभी, आणि कॅनव्हासवर आदल्या दिवशीचा हात तसाच. पुसायला वेळ नव्हता. बाईंनी एप्रनच्या टोकाने मनगटाजवळ काहीतरी टिपायचा प्रयत्न केला. एक माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅम, वी गॉट टू गो." चित्र गेलं.

समारंभाला कुकीज होत्या, लाल सरबत होतं, गावातली बरीच माणसं होती. शिकागोहून मुलगी आली होती. न्यायाधीशांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. बाई माझा दंड धरून उभ्या होत्या. त्यांच्या हाताची थरथर माझ्या कोटातून मला कळत होती. लोक चित्राजवळ जायला लागले. आणि एकेक जण, कुणी न सांगता, त्या हातापुढे थांबायला लागला. एक म्हातारी म्हणाली, "लुक ॲट दॅट आर्म. शी इज टायर्ड, पुअर थिंग." न्यायाधीश म्हणाले, इतकी वर्षं खुर्चीवर बसलो, तागडी अशीच जड होते. मग गर्दीतून एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस पुढे आला. "तोच तो प्रोफेसर," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. त्याने चष्मा वर करून कोपरापासून मनगटापर्यंत नीट पाहिलं, बाईंकडे वळला आणि मनापासून हसून म्हणाला, "देअर यू आर."

बाई "थँक यू" म्हणाल्या. सगळ्यांनाच म्हणाल्या. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "मॉम, एव्हरीबडी लव्ह्ड इट. व्हाय कान्ट यू जस्ट बी हॅपी?" बाई खिडकीबाहेर बघत मराठीत म्हणाल्या, "त्यांनी माझा आजार बघितला आणि टाळ्या वाजवल्या." मुलीला शब्द कळले असावेत. गाडी चालवताना तिचे डोळे भरले होते.

आता मी माझं सांगते. मला तो हात आवडला होता. सगळं चित्र देवांचं होतं आणि तेवढा हात माणसाचा होता. पण हे बाईंना सांगणं म्हणजे त्या गर्दीत सामील होणं, म्हणून मी गप्प राहिले.

त्यानंतर बाईंनी ब्रश उचलला नाही. विद्यापीठातून बोलावणं आलं, त्या हाताबद्दल स्लाइड दाखवून विद्यार्थ्यांशी बोलाल का म्हणून. बाई म्हणाल्या, "मला कुठे बोलावलंय? आजाराला बोलावलंय. त्याला एकट्याला पाठवता आलं असतं तर पाठवला असता." गॅरेजचा हीटर बंद झाला. उरलेल्या खळीच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी लुगडं कुरतडलं, तरी बाई बघायला गेल्या नाहीत. मी रोज जायचे. दार उघडायला उशीर झाला तर तेवढ्यात माझं काय काय होऊन जायचं ते माझं मला ठाऊक.

मार्चमध्ये मंडळाचा पाडवा होता आणि रांगोळी माझ्याकडे होती. माझी आई अकोल्याला जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून रांगोळीचे छाप करायची, तसे करावे म्हणून मी बाईंना त्यांचे मानेचे एक्स-रे मागितले. "घे, त्यात काही निघालं नाही, तुझ्या तरी कामाला येऊ दे," म्हणाल्या. मी त्यांच्याच टेबलावर बसून कापायला लागले. कोयरी झाली, हत्ती झाला. छाप कागदावर ठेवून, जुन्या कापडाच्या पुरचुंडीत रंग घेऊन मी थोपटून दाखवला. छाप उचलला तर हत्ती कडेला अगदी धारदार उमटलेला.

बाई उठून आल्या. माझ्या हातातून पुरचुंडी घेतली आणि कोयरीवर थोपटायला लागल्या. त्यांचा हात भरभर हलत होता, आणि थोपटायला तर हात हलायलाच लागतो. छाप मी उचलला. कोयरीची कड सुरीने कापल्यासारखी.

बाई वाकून त्या कडेवरून नजर फिरवत गेल्या. मग म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"बाई, रांगोळी आहे ती."

"मूळ ड्रॉइंग गॅरेजमध्ये आहे, पूर्ण मापाचं," त्या म्हणाल्या. "हाताची कड कापून दे मला. दोन्ही बाजूंची. उरलेले सगळे एक्स-रे घे."

कोर्टात लावलेल्या चित्रावरच नवा हात उमटवायचा त्यांचा बेत आहे, हे माझ्या लक्षात आलं. "बाई, चित्र आता आपलं नाही. काउंटीचं आहे. आणि मी डिपेंडंट व्हिसावर आहे. कोर्टात जाऊन सरकारी चित्राला रंग लावताना पकडलं तर?"

"न्यायाधीशांना विचारलं तर ते नको म्हणतील. त्यांना तो हात आवडतो."

मलाही आवडतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कित्येक महिन्यांनी ताठ उभ्या होत्या, नुसत्या उठलेल्या नव्हत्या. मी कात्री उचलली.

आम्ही दुपारी गेलो. गाडी मी चालवली, घडीची शिडी मागच्या सीटवर. बाईंनी पांढरा एप्रन घातला होता आणि डोक्याला रुमाल बांधला होता. दारातल्या पोलिसाला मी घोकत आणलेलं वाक्य म्हटलं, "वी आर हिअर टू क्लीन द पेंटिंग." तो म्हणाला, "गो अहेड." इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मी जास्तच घाबरले.

बाई शिडीवर चढल्या. मी खाली शिडी धरून, एका हाताने वर फिल्म पुरवत होते. एकमेकींना चिकटवलेल्या त्या फिल्मवर बाईंच्या मानेचे मणके अजून दिसत होते. फिल्म हाताच्या कडेला बसवली आणि बाई थोपटायला लागल्या. टप टप टप टप. रंग अगदी पातळ, कातडीच्या छटेचा. मी दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होते आणि दर थोड्या वेळाने वर. कोपराखालची ती थकलेली, लहरत गेलेली रेषा इंचाइंचाने बुजत होती. तिच्या जागी एक गुळगुळीत, शांत, कुणाचाही नसलेला हात उमटत होता. मला रडू येत होतं आणि शिडी सोडता येत नव्हती.

दालनातल्या बाकावर एक तरुणी येऊन बसली. मांडीवर लहान मूल, हातात कागदांचं पाकीट, आत कुठल्या तरी खोलीत तिची हाक होणार असावी. ती आमच्याकडे बघत होती. तिने चित्र पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, त्या हातापाशी तिची नजर अडखळली नाही, सरळ तागडीवर गेली. मग तिने बाईंना विचारलं, "हू पेंटेड दॅट?"

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. पुरचुंडी धरलेला हात हवेत थरथरत होता.

"आय डोन्ट नो," बाई म्हणाल्या. "इट इज व्हेरी ओल्ड, आय थिंक."

"येस," ती तरुणी म्हणाली, "लुक्स लाइक इट," आणि मुलाचं नाक पुसायला लागली.

बाई पुन्हा चित्राकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून वर पाहिलं, तर त्या आवाज न करता हसत होत्या. इतकी वर्षं ओळखत होते, पण असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्या बाकावरच्या तरुणीला ओरडून सांगायचं होतं, हिने काढलंय, ही शिडीवर उभी आहे ना, हिने. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. त्यांनी न बघताच हात खाली केला, आणि मनगटाकडची शेवटची फिल्म मी त्यांच्या हातात दिली.